पाणवठ्यावर ठेवलेला भात

मी अमेरिकेत पक्षी पाहायला गेलो होतो असे सांगितले, तर मिरजेतील माझे स्नेही ते थट्टेवारी नेतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. ज्याने उभे आयुष्य मुलांकडून शब्दरूपे आणि धातुरूपे घोकून घेण्यात घालवले, त्याच्या ओळखीचे पक्षी काव्यातले: चांदण्यावर जगणारा चकोर, दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस. प्रत्यक्ष परिचय म्हणाल तर तो अंगणातल्या कावळ्याचा, आणि तोही जेवणाआधीच्या एका घासापुरता. तरीही टेक्सासमधल्या मुक्कामातून जे मनात घेऊन मी परतलो, त्यात चैत्रातला एक रविवार सर्वांत जड आहे. तेथे न गेलेल्यांसाठी तो जसा घडला तसा सांगतो.

शुगर लँड, शनिवारची संध्याकाळ

माझा मुलगा श्रीकांत रसायन-अभियंता आहे. ह्यूस्टन शहराला लागून असलेल्या शुगर लँड या उपनगरात त्याचे घर आहे. मी पौषात तेथे पोहोचलो तेव्हा तो एका तेल कंपनीत होता. फाल्गुनापर्यंत तेलाचे भाव इतके कोसळले की त्याचा विभागच बंद झाला. त्यांच्या गल्लीत घराघरांपुढे 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या होत्या. संध्याकाळी फिरताना मी त्या वाचत असे, आणि प्रत्येक पाटीनंतर माझा जप चुकत असे.

श्रीकांतला एक जागा मिळत होती, पण ती फार दूर होती. मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, एका कागद गिरणीचे सांडपाणी शुद्ध करण्याचे काम. पगार कमी, हिवाळा अर्ध्या वर्षाचा. होय की नाही, ते सोमवारी सकाळी फोनवर कळवायचे होते. सूनबाई वैशाली येथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला ह्यूस्टन सोडायचे नव्हते. आणि माझ्या मनात तिसरेच होते. आमच्या भागात नव्याने निघालेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विश्वस्त माझे जुने विद्यार्थी आहेत. श्रीकांतला न विचारता मी त्यांच्याशी फोनवर बोललो होतो. प्राध्यापकाची जागा त्यांनी राखून ठेवली होती. मुलगा, सून, नात परत येतील, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पुन्हा वापरात येतील, हा विचार मी काही दिवस मनात गोड पदार्थासारखा घोळवत होतो. रविवारी, योग्य क्षण पाहून, तो बोलून दाखवायचा असे मी ठरवले होते.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला आणि श्रीकांत उभ्या उभ्या दोनच वाक्ये बोलला. मला वाटले, मिनेसोटाहून आला. तो डॉरिसबाईंचा होता. या बाई समुद्रकाठच्या हाय आयलंड नावाच्या गावात राहतात, आणि वसंतात तेथल्या राईत उतरणाऱ्या पक्ष्यांची काळजी वाहतात. श्रीकांत चार वर्षे दर वसंतात तेथे जात असे. उद्या दुपारी उत्तरेचा गार वारा समुद्रापर्यंत पोहोचेल, एवढेच त्यांनी कळवले होते.

"नाना, उद्या चला तुम्ही," श्रीकांत म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज सैल झाला होता.

वैशाली म्हणाली, "मंडेला त्यांना काय सांगायचं ते ठरलं नाही, आणि हा पक्षी बघायला निघाला." मग तिनेच भात लावायला तांदूळ काढले.

नात गौरी मैत्रिणीकडे राहायला निघाली होती. तिने माझ्या धोतराकडे बोट दाखवून बजावले, "आजोबा, डोन्ट वेअर व्हाइट. दे विल सी यू."

मी पांढरेच नेसलो. माझ्याजवळ दुसरे नव्हते.

हाय आयलंड, सकाळ

गॅल्व्हस्टन बंदरातून एक फेरीबोट मोटारी पोटात घालून खाडीपलीकडे नेते; श्रीकांत, वैशाली आणि मी तिनेच निघालो. बोटीवर श्रीकांत एका जागी उभा राहिला नाही. वाऱ्यासाठी हाताचे बोट ओले करून वर धरायचा, मग दक्षिणेकडे पाहायचा, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. वारा दक्षिणेचा होता, दमट, आपल्या कोकणातल्या वैशाखासारखा. मला तो सुखाचा वाटला. श्रीकांतच्या चेहऱ्यावर मात्र तो नकोसा पाहुणा आल्यासारखा दिसत होता.

नावात 'आयलंड' असले तरी ते बेट नव्हे. सपाट दलदलीत भूगर्भातल्या मिठाने वर उचललेले ते एक टेकाड आहे. आपल्याकडे त्याला कोणी टेकाडही म्हणणार नाही. पण त्या किनाऱ्यावर झाडे आहेत ती एवढ्या उंचवट्यावरच. त्याच मिठाच्या कडेने खाली तेल साचते, हेही श्रीकांतने सांगितले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेल उपसणारे लोखंडी पंप उभे होते. ते एरवी घोड्यासारखी मान खालीवर करतात म्हणे. त्या दिवशी बहुतेकांच्या माना वर अडकून राहिल्या होत्या. श्रीकांतने तिकडे पाहिले नाही.

राई ओक आणि तुतीच्या झाडांची. आत एका लहान तळ्याकाठी लाकडी बाके मांडलेली, आणि समोर एका नळातून उथळ खळग्यात थेंब थेंब पाणी पडत होते. त्या ठिबकणाऱ्या आवाजाने पक्षी येतात. बाकांवर तीसेक स्त्रीपुरुष गळ्यात दुर्बिणी अडकवून बसले होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आपल्याकडे देवळात आरतीपूर्वी असते तशी ती शांतता मला ओळखीची वाटली. फरक इतकाच, की येथे गाभारा रिकामा होता. पक्षी नव्हताच.

डॉरिसबाई सत्तरीच्या, उंच, डोक्यावर कापडी टोपी. एका झाडाच्या बुंध्यावर खिळे होते, त्यांवर त्या अर्धी चिरलेली संत्री खोचत होत्या. माझी ओळख करून देताना श्रीकांतने सांगितले की वडील संस्कृत शिकवत. बाई एकदम थांबल्या. त्यांनी शाळेत लॅटिन शिकवले होते. मग संत्र्याचा रस हाताला तसाच ठेवून त्यांनी मला विचारले की पक्ष्याला संस्कृतात काय म्हणतात. मी अनेक शब्द सांगितले आणि शेवटी सर्वांत जुना सांगितला: विः. त्या म्हणाल्या, लॅटिनमध्ये आविस. आम्ही दोघे क्षणभर एकमेकांकडे, एकाच आजोळची दोन म्हातारी भावंडे बाजारात भेटावीत तसे पाहत राहिलो. त्यानंतर दिवसभर त्या मला 'प्रोफेसर' म्हणत.

सकाळ सरकत होती. मी बाकावर बसून जपाला आरंभ केला, पण मन लागेना. शेजारचे गृहस्थ दर थोड्या वेळाने उठून झाडांच्या फटीतून उत्तरेकडे पाहून येत. श्रीकांत तर सारखा वाटेच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई. एकदा आल्यावर मी त्याला विचारले की हे सारे कशाची वाट पाहत आहेत.

त्याने मला समजावले. समुद्रापलीकडे दक्षिणेत मेक्सिकोतल्या युकातानचा किनारा आहे. तेथून हे लहान गाणारे पक्षी सूर्यास्ताला निघतात, रात्रभर समुद्रावरून उडतात आणि दुसऱ्या दुपारी या किनाऱ्यावर येतात. वारा पाठीशी असला तर ते येथे थांबतसुद्धा नाहीत, उंचावरून सरळ आत निघून जातात. उत्तरेचा वारा आणि पाऊस समोरून आला तरच दमून पहिल्या झाडावर कोसळतात.

"म्हणजे हे लोक वादळाची वाट पाहताहेत?"

"हो नाना."

"आणि वादळ आलं नाही, तर त्या पक्ष्यांसाठी बरं."

त्याने दक्षिणेकडे पाहिले. मग म्हणाला, "हो. त्यांच्यासाठी तेच बरं."

तो पुन्हा वाटेच्या टोकाकडे गेला. मला मात्र बाकावर बसवेना. माणसे भली होती. त्यांनी मला जागा दिली होती, डास चावू नयेत म्हणून औषध दिले होते. आणि हीच भली माणसे, मुठीत मावतील एवढ्या जिवांवर आभाळ कोसळावे म्हणून हात जोडल्यासारखी बसली होती. मी त्यांचा न्याय करत नाही. श्रीकांतही त्यांच्यात होता, आणि मीही दक्षिणेकडे पाहू लागलोच होतो.

दुपार

भोजनाची वेळ झाली तेव्हा बहुतेक मंडळी मोटारींकडे गेली. त्यांची जेवणे कागदात गुंडाळलेली आणि उभ्याने खाण्याची. वैशालीने दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचे लोणचे आणि दहीभात आणला होता. माझ्यासाठी एका लहान डब्यात साधा भात वेगळा ठेवला होता, कारण भूतयज्ञाचा बलि, म्हणजे इतर जिवांसाठी काढलेला घास, बाहेर ठेवल्याशिवाय मी जेवत नाही. शुगर लँडच्या मागच्या अंगणात हा घास ग्रॅकल नावाचे लांब शेपटीचे काळे पक्षी नेत असत. काळे आहेत, धीट आहेत, वेळेवर येतात. मी त्यांना कावळ्याच्या ठिकाणी मानले होते, आणि ते सोयीचे होते.

येथे बलि ठेवायचा तर पाणवठ्याहून योग्य जागा कोणती? मी डबा घेऊन एकटाच खळग्याकडे गेलो. खाली ठेवायला पान हवे होते. एका ओकच्या खोडावर एक वेल चढली होती, आणि तिच्या प्रत्येक देठावर तीन दले होती, कोवळी, चकचकीत, किंचित तांबूस. हा बेल नव्हे, हे मला कळत होते. बेल वृक्ष आहे, ही वेल होती. पण तीन-चार महिने माझ्या शंकराला बिल्वपत्र मिळाले नव्हते. परदेशात जे मिळते त्यात भाव ठेवावा, असे मी स्वतःला समजावत आलो होतो. दुसरा दिवस सोमवार. मी चार-पाच त्रिदले खुडली, भक्तीने कपाळाला लावली, त्यांतली दोन उद्याच्या पूजेसाठी उपरण्यात गुंडाळली, उरलेली खळग्याच्या काठावर मांडली आणि त्यांवर भाताचा मुटका ठेवला. वर तुपाचा थेंब. पाणी फिरवले. मन बऱ्याच दिवसांनी स्थिर झाल्यासारखे वाटले.

आम्ही मोटारीत बसून जेवत होतो तेव्हा वारा पडला. पाने लटकून राहिली. मग उत्तरेकडून आभाळ शाईसारखे काळे होत आले, आणि कोणीतरी दार उघडावे तसा गार झोत आला. त्यामागून पाऊस. काचेपलीकडे काही दिसेना. श्रीकांत पुढच्या आसनावर, दोन्ही हात चक्रावर ठेवून बसला होता, मोटार थांबलेली असूनही.

वैशाली हळू म्हणाली, "मला एकच सांग. तिकडे जायचं ठरलं, तर ते तुला जायचंय म्हणून, की दुसरं काही नाही म्हणून?"

"आज हा विषय नको यार."

"मग कधी? उद्या आठ वाजता?"

मला वाटले, हाच तो क्षण. महाविद्यालयाचे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. तेवढ्यात पाऊस विरळ झाला, आणि मोटारीच्या पुढच्या झाकणावर काहीतरी पडले.

तो पक्षी होता. पाठ काळीपांढरी, गळा शेंदराच्या रंगाचा; आमच्या मारुतीच्या मूर्तीवर ताजा शेंदूर चढवल्यावर दिसतो तसा. भिजून तो एवढासा झाला होता. पाय पसरून, चोच उघडी ठेवून तो तेथेच बसला आणि आमच्याकडे पाहिलेही नाही. काचेच्या अलीकडे आम्ही तिघे श्वास रोखून. मग तो उडाला, उडाला म्हणण्यापेक्षा घरंगळला, आणि राईत शिरला.

श्रीकांतने दार उघडले. "आले," एवढेच तो म्हणाला.

पुढचा तासभर मी जे पाहिले त्याला उपमा देण्याचा मोह मी आवरतो. झाडे पक्ष्यांनी भरली. संपूर्ण लाल अंग आणि काळे पंख असलेले. आमच्या हळद्याचे चुलत भाऊ शोभतील असे नारिंगी. निळे, इतके निळे की डोळ्यांना खरे वाटेना. ते फांद्यांवर होते, वाटेवर होते, माणसांच्या पायांपाशी होते. भीती बाळगण्याइतकीही शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. तुतीची फळे ते आडवे पडून खात होते. एका संत्र्याच्या फोडीवर तिघे चोच घालून बसले होते. आणि ती सकाळची शांत मंडळी, दुर्बिणी डोळ्यांना लावून, हलू नये म्हणून एकमेकांच्या खांद्याला धरून उभी होती. कित्येकांचे डोळे भरले होते. सकाळी त्यांच्याविषयी मला जे वाटले होते ते पुसले गेले नाही, पण त्याच्या शेजारी हेही येऊन बसले.

मी पाणवठ्यापाशी आलो तेव्हा तो शेंदरी गळ्याचा, किंवा त्याच जातीचा दुसरा, ठिबकणाऱ्या थेंबाखाली डोके धरून उभा होता. त्याच क्षणी मला ओळखीचा कर्कश आवाज आला. ग्रॅकल. एक, मग चार, मग डझनभर. भाताचा वास म्हणा, रंग म्हणा, त्यांना बरोबर कळला. ते काठावर उतरले, मुटका फोडला, भांडू लागले. पाणी पिणारे लहान पक्षी उडण्याऐवजी दबून बसले. उडण्याचे बळ नव्हतेच. भात संपला. मग एका ग्रॅकलने मान वळवली, दोन उड्या मारल्या आणि त्या शेंदरी गळ्याच्या पक्ष्याला चोचीत धरून आपटले. एकदाच.

डॉरिसबाई टाळ्या वाजवत धावत आल्या. काळे पक्षी उडाले, जाताना त्याला घेऊन गेले.

कोणी मला दोष दिला नाही. कोणाला ठाऊकच नव्हते की भात कोणाचा. मी पुढे झालो आणि सांगितले. बाई खाली वाकून शिते वेचत होत्या. माझे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, त्यांचे इंग्रजी मी माझ्या भाषेत देतो, "प्रोफेसर, ते हे खात नाहीत. हे खाणारे इथे दुसरे आहेत." आवाजात राग नव्हता. तेवढ्यात त्यांची नजर शितांखालच्या पानांवर गेली, आणि मग माझ्या हातांवर, आणि मग माझ्या कपाळावर.

ती वेल विषारी होती. अंगाला लागली की फोड येतात. येथल्या मुलांना चालता येण्याआधी शिकवतात म्हणे, की तीन पानांच्या वाटेला जाऊ नये.

नळापाशी

राईच्या तोंडाशी एक नळ होता. श्रीकांतने माझे उपरणे काडीने उचलून पिशवीत टाकले, कोणाकडून तरी साबण आणला आणि माझे हात धुऊ लागला. पुन्हा पुन्हा, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, जसे मी त्याच्या मुंजीच्या दिवशी त्याचे धुतले होते. मग रुमाल भिजवून कपाळ पुसले. पाणी गार होते. वारा अंगात शिरत होता. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत, हे मी इतक्या जवळून तोवर पाहिले नव्हते.

"तो पक्षी माझ्यामुळे गेला," मी म्हणालो.

"नाना, असं दर वेळी होतं. ग्रॅकल येतातच."

"आज मी बोलावले होते."

त्याने पुन्हा साबण हातात घेतला. खोटे बोलायची त्याला सवय नाही. साबण लावता लावता, माझ्याकडे न पाहता, त्याने विचारले, "उद्या मी काय सांगू? तुम्ही म्हणाल तसं करतो."

हेच ऐकण्यासाठी मी इतके दिवस थांबलो होतो. एक वाक्य, आणि तो आला असता. बाप म्हणून मी त्याला ओळखतो. वैशालीशी भांडला असता, पण आला असता. वरच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या, आणि त्यांच्या आड तो काठावरचा भाताचा मुटका येत होता, नीट मांडलेला, तुपाचा थेंब घातलेला.

"श्रीकांत, मी तुला न विचारता तुझ्यासाठी भात काढून ठेवला आहे," मी म्हणालो.

मग मी सर्व सांगितले: विश्वस्तांशी झालेले बोलणे, राखून ठेवलेली जागा, माझा बेत. सल्ला म्हणून नव्हे. घडलेली गोष्ट म्हणून. नळ चालू होता. वैशाली टॉवेल घेऊन आली होती आणि तिनेही ते ऐकले. श्रीकांत बराच वेळ माझे हात धरून राहिला.

"तिथे मी काय शिकवणार, नाना?" शेवटी तो म्हणाला. "प्रयोगशाळा तरी असेल का? आणि वैशालीनं काय करायचं?"

"ते मला ठाऊक नाही. मी विचारलंच नव्हतं."

वैशालीने माझे हात पुसले. डॉरिसबाई आमच्याकडे येत होत्या, औषधाची बाटली घेऊन. काहीतरी बोलायचे म्हणून मी त्यांना विचारले की वाचलेले पक्षी आता कोठे जाणार. त्या म्हणाल्या, एकदोन दिवस खातील, वारा फिरला की निघतील. शेंदरी गळ्याचे कोठे, असे मी विचारले. उत्तरेला, सूचिपर्णी वृक्षांच्या वनात, मिनेसोटाच्याही वरपर्यंत, त्या म्हणाल्या. आमच्या घरातला विषय त्यांना माहीत नव्हता.

श्रीकांत वैशालीकडे पाहू लागला. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? त्यांना स्वेटर लागत नाही." आणि ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

परतीच्या वाटेवर ते दोघे पुढे बसून बोलत होते. तिकडे इस्पितळ किती दूर आहे, गौरीची शाळा, दोन वर्षे करून पाहायचे का, नाही जमले तर काय. आवाज मध्येच चढत, मध्येच उतरत. मी मागे बसून होतो. मला कोणी काही विचारले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटले असे म्हणवत नाही. चांगलेही वाटले नाही. मी खिडकीतून त्या थांबलेल्या पंपांकडे पाहत होतो. फेरीबोटीवर अंगाला कंप सुटला तेव्हा वैशालीने तिची शाल मागे दिली.

सोमवार

सकाळी बोटांच्या बेचक्यांत लाली आली होती आणि कपाळावर, बरोबर गंधाच्या जागी, फोड उठले होते. गौरीने मला पाहून दोन्ही हात तोंडावर ठेवले. पूजा हातांनी करता आली नाही, मनाने केली. बलि ठेवण्याची वेळ झाली तेव्हा मी वैशालीला हाक मारली आणि एक संत्रे अर्धे चिरून कुंपणाच्या खिळ्यावर खोचायला सांगितले. तिने काही न विचारता खोचले. ग्रॅकल वेळेवर आले, भात नाही हे पाहून माझ्याकडे नापसंतीने ओरडले आणि शेजाऱ्यांकडे गेले.

आतून श्रीकांतचा फोनवरचा आवाज येत होता. तो होय म्हणाला. त्यानंतर त्याने जे विचारले ते मी नीट ऐकले: जवळच्या इस्पितळात प्रयोगशाळा आहे का.

वैशाली खिडकीपाशी उभी होती. ओला हात पदराला पुसत ती म्हणाली, "नाना, तुम्ही यायचं हं तिकडे. उन्हाळ्यात. जुलैमध्ये म्हणे बर्फ नसतं."

"येईन," मी म्हणालो. "पण आधी विचारीन, काय आणू म्हणून."

मी मिरजेला परत आलो. कपाळावरचा डाग अजून अंधूक दिसतो; ओळखीचे लोक तो जुन्या गंधाचा समजतात आणि मी त्यांचा समज दुरुस्त करत नाही. विश्वस्तांना जागा दुसऱ्यास द्यायला सांगितले. वरच्या दोन खोल्यांच्या खिडक्या अधूनमधून उघडून ठेवतो, हवा खेळावी म्हणून.

नवरात्राच्या सुमारास आमच्या अंगणात धोबी पक्षी येतो, शेपूट खालीवर करणारा, काळापांढरा. तोही हिमालयापलीकडून येतो, हे मी यंदा श्रीकांतला पत्रातून विचारले तेव्हा कळले. इतकी वर्षे त्याच्यापुढे मी भात ठेवत आलो आणि तो कावळ्यांनी नेला. धोबी भात खात नाही, ओल्या मातीतले किडे वेचतो. आता तो दिसला की मी अंगणाच्या एका कोपऱ्यात तांब्याभर पाणी शिंपडतो, आणि मग दारात उभा राहत नाही.